मॉली रसेल प्रकरण : जे मागितले नव्हते, तेही समोर येत राहिले

लंडनच्या वायव्य भागातील हॅरो येथे राहणाऱ्या मॉली रसेल या मुलीचा २१ नोव्हेंबर २०१७ रोजी मृत्यू झाला. ती १४ वर्षांची होती आणि तीन बहिणींमध्ये धाकटी होती. आदल्या संध्याकाळी घरातील मंडळी एकत्र जेवली होती, एकत्र बसून त्यांनी टीव्हीवरचा कार्यक्रम पाहिला होता, आणि काही वेगळे घडते आहे असे त्यांच्यापैकी कोणालाही जाणवले नव्हते. मृत्यू तिने स्वतःला केलेल्या इजेमुळे झाला हे लगेच स्पष्ट झाले. परंतु ती त्या टोकाला कशी पोहोचली याचे उत्तर मिळायला तिच्या आईवडिलांना जवळजवळ पाच वर्षे वाट पाहावी लागली.

ते उत्तर सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर लंडनच्या कॉरोनरच्या न्यायालयात मिळाले. कॉरोनर म्हणजे अनैसर्गिक मृत्यूचे कारण शोधणारा न्यायिक अधिकारी. मुंबईतही हे पद १९९९ पर्यंत होते, त्यामुळे जुन्या मुंबईकरांना हा शब्द ऐकून माहीत असेल. ज्येष्ठ कॉरोनर अँड्र्यू वॉकर यांनी ३० सप्टेंबर २०२२ रोजी असा निष्कर्ष दिला, की नैराश्य आणि इंटरनेटवरील मजकुराचे दुष्परिणाम यांनी ग्रासलेली असताना मॉलीने स्वतःला इजा केली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. केवळ ‘आत्महत्या’ एवढीच नोंद करून थांबणे योग्य होणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तिने पाहिलेला मजकूर लहान मुलीच्या हाती पडायलाच नको होता आणि तिच्या मृत्यूत त्याचा वाटा नाममात्र नव्हता, असेही त्यांनी नोंदवले.

मुलांना इंटरनेटवरच्या वाईट गोष्टींपासून जपायचे म्हटले की आपल्याकडे घरोघरी साधारण तीन धोके डोळ्यांसमोर येतात : अश्लील संकेतस्थळे, ओळख वाढवू पाहणारा अनोळखी माणूस आणि पैसे लुबाडणारी फसवी लिंक. या तिन्हींवर आपण उपाय शिकलो आहोत. संकेतस्थळे अडवता येतात, अनोळखी माणसाला ब्लॉक करता येते, लिंक उघडू नये हे आता आजीआजोबांनाही ठाऊक आहे. मॉलीच्या प्रकरणात या तिन्हींपैकी काहीही नव्हते. तिने वापरलेली ॲप जगातील कोट्यवधी लोक वापरतात तीच होती, आणि आपल्याला माहीत असलेली सगळी कुलपे त्या घरात लावली असती तरी ती जशीच्या तशी राहून आत हे सगळे घडले असते. म्हणूनच हे प्रकरण प्रत्येक पालकाने नीट समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. त्या मजकुरात नेमके काय होते याचे वर्णन मी जाणीवपूर्वक करणार नाही. ते समजून घेण्यासाठी त्याची गरजही नाही.

घराला काय दिसत होते

मॉलीचे वडील इयन रसेल यांनी न्यायालयात सांगितले, की शेवटच्या सुमारे वर्षभरात मॉली थोडी मिटल्यासारखी झाली होती आणि स्वतःच्या खोलीत अधिक वेळ एकटी घालवू लागली होती. मात्र घरातल्या गोष्टींत ती आनंदाने भाग घेत होती, म्हणून वाढत्या वयात मनःस्थिती अशी वरखाली होतच असते असे समजून त्यांनी ते स्वाभाविक मानले.

हे वाचताना मला आपल्याकडचे एक वाक्य सतत आठवत राहिले : ‘वयच तसं आहे.’ आठवी-नववीतल्या मुलाने दार लावून घेतले, जेवताना बोलणे कमी केले, पाहुणे आले तरी बाहेर यायला टाळाटाळ केली, की घरातील कोणीतरी मोठे माणूस हे वाक्य म्हणते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. अडचण तिथेच आहे. मॉलीच्या घरच्यांकडून काही निष्काळजीपणा झाला असे सुनावणीत कोठेही दिसले नाही. प्रेमळ, एकत्र जेवणारे, मुलांशी बोलणारे ते घर होते. त्यांना जे दिसत होते त्यावरून कोणत्याही समंजस आईबापांनी हाच अर्थ काढला असता, कारण ज्याने अर्थ बदलला असता तो मजकूर त्यांना दिसतच नव्हता.

फोनमध्ये काय साठत होते

मृत्यूपूर्वीच्या सहा महिन्यांत मॉलीने इन्स्टाग्रामवर सुमारे १६,३०० पोस्ट जतन केल्या, पसंत केल्या किंवा इतरांना पाठवल्या. त्यांपैकी सुमारे २,१०० पोस्ट नैराश्य, स्वतःला इजा करणे किंवा आत्महत्या यांच्याशी संबंधित होत्या. त्या सहा महिन्यांत असा मजकूर तिच्या हाताखालून गेलाच नाही, असे दिवस केवळ १२ होते.

हे आकडे बातम्यांत अनेकदा आले, परंतु त्यांचा घरातला अर्थ क्वचितच कोणी उलगडून सांगितला. सहा महिने म्हणजे सुमारे १८० दिवस धरले, तर रोजच्या साधारण ९० पोस्ट झाल्या आणि त्यांत घातक मजकुराच्या अकरा-बारा. म्हणजे दर आठ पोस्टींमागे एक. बाकीच्या सात इतर कसल्याही असू शकतात. आता कल्पना करा, की आई चहाचा कप घेऊन मुलीच्या खोलीत डोकावते आणि जाता जाता तिच्या फोनवर एक नजर टाकते. तिला त्या सातांपैकी काहीतरी दिसण्याचीच शक्यता सर्वांत जास्त. ‘मी अधूनमधून बघत असते हो, ठीकच असतं सगळं,’ असे आपण ज्या विश्वासाने म्हणतो तो विश्वास या हिशेबात टिकत नाही. शिवाय हा हिशेब फक्त तिने जतन, पसंत किंवा शेअर केलेल्या पोस्टींचा आहे. नुसत्या पाहून पुढे सरकवलेल्या पोस्टी त्यात धरलेल्याच नाहीत.

दुसरी एक गोष्ट मला या आकड्यांहूनही अधिक बोलकी वाटते. पिंटरेस्ट या चित्रांच्या ॲपवर आपल्या आवडीची चित्रे गोळा करून ठेवायला फलक तयार करता येतात, जसे आपण पूर्वी वहीत कात्रणे चिकटवत असू तसे. मॉलीने तयार केलेल्या फलकांपैकी दोन न्यायालयासमोर आले. एकाचे नाव ‘खंबीर राहा’ अशा अर्थाचे होते आणि त्यात धीर देणारा, मन उभे करणारा मजकूर होता. दुसऱ्याचे नाव ‘काळजी करण्यासारखे काही नाही’ अशा अर्थाचे होते आणि त्यात निराशेने भरलेला मजकूर होता. पहिल्यात १५५ चित्रे होती, दुसऱ्यात ४६९. चौदा वर्षांची एक मुलगी एकाच वेळी दोन्ही वह्या भरत होती. स्वतःला सावरण्याचा तिचा प्रयत्न पहिल्या फलकात लख्ख दिसतो, आणि तो प्रयत्न करणाऱ्या मुलीला ॲपकडून कोणती रसद अधिक मिळत होती हे दुसऱ्या फलकात दिसते. त्या दुसऱ्या फलकाचे नाव वाचून कोणत्याही आईबापांनी निश्चिंत होऊन फोन खाली ठेवला असता.

याच ॲपने तिला ईमेलही पाठवले. नैराश्याविषयीची दहा चित्रे तुम्हाला आवडतील, अशा आशयाचा एक ईमेल न्यायालयात मांडला गेला. कपड्यांच्या दुकानाने नवीन कुर्त्यांचा मेल पाठवावा तितक्या सहजपणे हा मेल एका लहान मुलीच्या खात्यावर आला होता. कोणी माणसाने बसून तो लिहिलेला नव्हता. तिची बोटे कशावर थांबतात हे मोजून यंत्रणेने तो आपोआप तयार केला होता.

तिचे एक ट्विटर खातेही होते, ज्याची घरच्यांना कल्पना नव्हती. त्या खात्यावरून तिने काही प्रसिद्ध व्यक्तींना उद्देशून आपल्या मनाची अवस्था लिहिली होती. लाखो लोकांचे संदेश जिथे येऊन पडतात तिथे तिचे लिहिणे कोणाच्या नजरेस पडण्याची शक्यता नव्हती. तिची हाक पोकळीत जात होती, अशा आशयाचे शब्द तिच्या वडिलांनी वापरले. आईवडील, बहिणी, शाळा एवढी माणसे जवळ असताना तिने जिथून उत्तर येणे अशक्य होते तिथे हाक मारावी, याचे कारणही कॉरोनरच्या निष्कर्षात सापडते. तिला दाखवल्या गेलेल्या मजकुरापैकी काही मजकूर स्वतःला इजा करण्याला एक प्रकारची मोहकता देत होता, आणि काही मजकूर तिला एकटे पाडणारा, मदत करू शकणाऱ्या माणसांशी बोलण्यापासून परावृत्त करणारा होता. घरात सगळे असूनही मूल गप्प का राहते, या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर मी आजवर इतरत्र वाचलेले नाही.

हे तिच्यापर्यंत आले कसे

समाजमाध्यमांची फीड म्हणजे बोट सरकवत राहिले की खालून येत राहणारी पोस्टींची अखंड रांग. तिच्यात काही पोस्टी आपण स्वतः निवडलेल्या खात्यांच्या असतात आणि बाकीच्या ॲपने आपल्यासाठी काढलेल्या असतात. ॲप ही निवड करते ती आपण काय शोधले, कशावर थांबलो, काय पुन्हा पाहिले, काय जतन केले या खुणांवरून. या खुणांना भावना कळत नाही. क्रिकेटच्या व्हिडिओवर थांबलेले बोट आणि दुःखाच्या कवितेवर थांबलेले बोट यंत्रणेला सारखेच. दोन्ही वेळा तिचा अर्थ ‘याला हे अजून द्या’ असाच होतो.

निरोगी मनाच्या माणसाच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही. खचलेल्या मनाच्या मुलाच्या बाबतीत मात्र हीच सोय उलटते, कारण खचलेले मन आपल्यासारख्या अनुभवावरच थांबते. आपल्याला वाटते तसे दुसऱ्या कोणाला तरी वाटते, हे कळण्यात पहिल्या वेळी दिलासाही असतो. दहाव्या, शंभराव्या वेळी तो दिलासा उरत नाही आणि जगात दुसरे काही आहे हेच दिसेनासे होते. कॉरोनरांनी नोंदवले, की अल्गोरिदमच्या, म्हणजे अशा खुणांवरून मजकूर निवडणाऱ्या यंत्रणेच्या, या पद्धतीमुळे मॉलीसमोर काही वेळा चित्रे, व्हिडिओ आणि मजकूर यांचा लोंढाच येत होता, आणि त्यातला काही भाग तिने मागितलेला नसताना तिच्यासाठी निवडून दिला गेला होता.

न्यायालयात

सुनावणीत काही व्हिडिओ दाखवणे आवश्यक होते, आणि ते दाखवण्यापूर्वी कॉरोनरांनी उपस्थित प्रौढांना सावध केले, ज्यांना ते पाहायचे नसतील त्यांनी बाहेर जावे असे सांगितले. व्हिडिओ काटछाट करून दाखवावेत का, यावरही चर्चा झाली. तेव्हा त्यांनी असे मत मांडले, की मॉलीला असा कोणताही पर्याय मिळाला नव्हता. जे एका बालिकेला काटछाट न करता उपलब्ध होते ते आपण प्रौढांसाठी काटछाट करायला निघालो आहोत. बालमानसोपचारतज्ज्ञ डॉ. नवीन वेणुगोपाल यांनी साक्षीत सांगितले, की तो मजकूर तपासल्यानंतर काही आठवडे त्यांना स्वतःला नीट झोप लागत नव्हती. रोज व्याधिग्रस्त मुलांना पाहणाऱ्या अनुभवी डॉक्टरची जर ही अवस्था झाली, तर त्या मुलीने महिनोन्‌महिने रात्री एकटीने काय सोसले असेल याचा विचार करवत नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली गेली. पिंटरेस्टचे अधिकारी जडसन हॉफमन यांनी मान्य केले, की मॉली वापरत होती त्या काळात त्यांचे ॲप सुरक्षित नव्हते, आणि त्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली. इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिच्या अधिकाऱ्याने मात्र मॉलीने पाहिलेला बराचसा मजकूर सुरक्षित होता असे सांगितले. नियमांचे उल्लंघन करणारा काही मजकूर तिला दिसला याबद्दल त्यांनीही क्षमा मागितली, परंतु मनातले दुःख लोकांना व्यक्त करता आले पाहिजे, अशी भूमिका घेतली. या भूमिकेत तथ्यच नाही असे मी म्हणणार नाही. मोठ्या माणसांच्या आधारगटांत अशा मोकळ्या बोलण्याने अनेकांना बळ मिळालेले आहे. पण बोलणाऱ्याला वाव देणे वेगळे आणि ते बोलणे शोधत नसलेल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या पुढ्यात रोज आणून ठेवणे वेगळे, हा भेद त्या उत्तरात झाकला जातो.

शाळेच्या मुख्याध्यापिकांनी दिलेली साक्षही महत्त्वाची आहे. समाजमाध्यमांमुळे मुलांवर येणाऱ्या धोक्यांचा मागोवा ठेवणे शाळेला जवळजवळ अशक्य झाले आहे, असे त्यांनी सांगितले.

निष्कर्षानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये कॉरोनरांनी पुढील मृत्यू टाळण्यासाठीचा अहवाल सरकारला आणि कंपन्यांना पाठवला. लहान मुले व प्रौढ यांच्यासाठी वेगळी व्यासपीठे असावीत का, खाते उघडतानाच वय पडताळले जावे का, मजकूर निवडून देणाऱ्या अल्गोरिदमवर कोणती बंधने असावीत, आणि मूल काय पाहते आहे हे पाहण्याची सोय पालकांना मिळावी का, याचा विचार करण्यास त्यांनी सांगितले. ब्रिटनचा ऑनलाइन सुरक्षा कायदा २६ ऑक्टोबर २०२३ रोजी संमत झाला आणि मुलांच्या संरक्षणाची त्यातली कर्तव्ये २५ जुलै २०२५ पासून लागू झाली. मुलांना आत्महत्या, स्वतःला इजा, खाण्याचे विकार आणि अश्लीलता यांविषयीचा घातक मजकूर दिसणार नाही याची जबाबदारी आता तेथे कंपन्यांवर आहे, आणि ती न पाळल्यास १ कोटी ८० लाख पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढा दंड होऊ शकतो. इयन रसेल यांनी या कायद्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला. मॉलीच्या नावाने स्थापन झालेली संस्था आजही हे काम करते.

भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे. बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घेणे, आणि बालकाच्या वर्तनावर पाळत ठेवणे किंवा त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवणे टाळणे, ही त्यातील कलमे आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. परंतु ‘हा मजकूर मुलासमोर आणून ठेवलाच का’ असे कंपनीला थेट विचारणारे ब्रिटनसारखे कर्तव्य आपल्या या कायद्यात नाही. ते येईपर्यंत या कामाला घरच्यांनाच हात घालावा लागेल.

आपल्या घरी हे कसे दिसते

हे प्रकरण वाचून झाल्यावर एका रविवारी मी बहिणीकडे गेले असताना माझ्या आठवीतल्या भाचीशेजारी बसले आणि तिला म्हटले, तू नेहमी बघतेस तसे बघ, मी फक्त शेजारी बसते. वहीच्या मागच्या पानावर मी दोन रकाने केले : तिने निवडलेल्या खात्यांच्या पोस्टी एकात, आपोआप आलेल्या दुसऱ्यात. दुसरा रकाना पहिल्याच्या पुढे गेला. त्यात पोट कमी करण्याचे, दिवसभरात किती कमी खाल्ले ते दाखवणारे व्हिडिओ एकामागोमाग येत होते. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, ‘मावशी, हे मी नाही शोधलेलं. एकदा एक पूर्ण बघितला, तेव्हापासून येतंच राहतात.’ तिच्या स्वरात तक्रार नव्हती. पाऊस पडतो तसे हे पडते, एवढाच तिचा समज होता.

मग तिचे इन्स्टाग्रामचे खाते तपासले. ते तिच्या आईच्या ईमेलवर आणि आईच्या जन्मतारखेवर उघडलेले होते. बहीण म्हणाली, ‘अगं, तेव्हा वय कमी आहे म्हणून घेत नव्हतं, म्हणून माझी तारीख टाकली.’ अशी तारीख मी तेव्हापासून अनेक घरांत पाहिली. त्या एका आकड्यामुळे ॲपच्या लेखी माझी भाची चाळिशीची बाई होती. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ पासून किशोरवयीनांसाठी वेगळी खाती सुरू केली आणि पुढे ती भारतातही आणली. त्यांत खाते मुळातच खाजगी असते, नाजूक मजकूर कमी दाखवला जातो, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद असतात आणि सोळा वर्षांखालील मुलांना हे निर्बंध पालकांच्या परवानगीशिवाय सैल करता येत नाहीत. खोट्या जन्मतारखेच्या खात्याला यांतले काही आपोआप लागू होईल याची खात्री नसते. माझ्या मते आपल्याकडच्या घरांत सर्वांत आधी दुरुस्त करण्याची गोष्ट हीच आहे, आणि ती आईवडिलांनीच करून ठेवलेली असल्यामुळे मुलावर रागावण्याचा प्रश्नच येत नाही. तेरा वर्षांच्या आतील मूल असेल तर ते खाते बंद करणे हाच सरळ मार्ग.

त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून तिची फीड पुसली. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये मजकुराच्या आवडीनिवडींखाली सुचवलेला मजकूर नव्याने सुरू करण्याची सोय आहे. ती वापरली की आजवरच्या खुणांवरून बनलेली निवड पुसली जाते. यूट्यूबवर पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास पुसून बंद ठेवला, तर मुख्य पानावर सुचवलेले व्हिडिओ येणेच थांबते आणि मुलाला हवे ते शोधून पाहावे लागते. लहान मुलांच्या घरात मला हा उपाय फार गुणकारी वाटला. नको असलेल्या पोस्टवर ‘यात रस नाही’ हा पर्याय दाबायचा, न थांबता पुढे जायचे, आणि ॲपकडून येणाऱ्या शिफारशींच्या सूचना व ईमेल बंद ठेवायचे. मॉलीच्या खात्यावर आलेला तो ईमेल आठवला की ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटत नाही.

तरीही पुसलेली फीड पुन्हा भरते. म्हणून बहिणीच्या घरी आता महिन्यातून एकदा, जेवणानंतर, दोघी शेजारी बसून फीड पाहतात. आईही आपली फीड मुलीला दाखवते, आणि हे मला अतिशय आवश्यक वाटते, कारण एकतर्फी तपासणी सुरू झाली की मूल दुसरे खाते उघडते. मॉलीचेही घरच्यांना माहीत नसलेले खाते होते. आपल्याकडे फोन काढून घेण्याची धमकी हा पालकांचा पहिला शब्द असतो. तो ऐकलेले मूल काही भयंकर दिसले तरी सांगायला येत नाही, कारण सांगितले की फोन जाणार हे त्याला पक्के ठाऊक असते. त्याऐवजी काय दिसले ते सांगितलेस म्हणून तुझा फोन जाणार नाही, हे आधीच, शांत वेळी, शब्दांत सांगून ठेवावे लागते आणि नंतर ते पाळावे लागते. रात्री मात्र सगळ्यांचे फोन, आईवडिलांचेही, स्वयंपाकघरातल्या एका जागी चार्जिंगला लावावेत. एकट्याने, अंधारात, झोप उडालेली असताना पाहिलेला मजकूर मनावर दुप्पट बसतो.

आणि मूल मिटल्यासारखे वाटले, तर ‘वयच तसं आहे’ म्हणण्याआधी त्याला विचारावे. आडवळणाने विचारून भागत नाही. ‘तुला कधी जगू नये असं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?’ हे शब्द उच्चारायला आपली जीभ धजावत नाही, कारण विचारल्याने ते मनात भरेल अशी भीती वाटते. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, असेच मानसोपचारतज्ज्ञ सांगतात. उलट कोणीतरी हे ऐकून घेऊ शकते हे मुलाला कळते. उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करू नये, घाबरून आरडाओरडा करू नये, मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास निःशुल्क मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येते. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांकही चोवीस तास चालू असतो. हे दोन्ही क्रमांक मुलाच्या फोनमध्ये त्याच्यासमोर बसून, त्याला ते कशासाठी आहेत हे सांगून जतन करावेत. माझ्या भाचीने १४४१६ जतन करताना नाव काय द्यायचे म्हणून विचारले, आणि थोडा विचार करून तिने स्वतःच टाइप केले : ‘कधीही बोल’.